संशोधन-प्रबंधाचे नियतकालिकातील पुनर्प्रकाशन : आवश्यकता, मर्यादा आणि संकेत

पीएच.डी.साठी लिहिलेला प्रबंध विद्यापीठाला सादर होतो, परीक्षकांचे अहवाल येतात, मौखिक परीक्षा पार पडते आणि संशोधकाच्या नावामागे ‘डॉ.’ ही उपाधी लागते. त्यानंतर त्या प्रबंधाचे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. बांधीव प्रतींपैकी एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाते, एक मार्गदर्शकांच्या कपाटात राहते आणि एक संशोधकाच्या घरी दर्शनी जागी ठेवली जाते. चार-पाच वर्षांच्या परिश्रमाचे फलित असे तीन ठिकाणी विसावते आणि ज्या वाचकासाठी ते ज्ञान निर्माण झाले, त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

या प्रबंधातील एखादे प्रकरण लेखरूपाने नियतकालिकाकडे आले म्हणजे दोन परस्परविरोधी आक्षेप ऐकू येतात. काहीजण म्हणतात की, जे एकदा लिहून पदवी मिळवली तेच पुन्हा छापणे ही पुनरुक्ती आहे. नियतकालिकाने नवीनच काही छापावे. दुसरे काहीजण म्हणतात की, लेखन स्वतःचेच असल्याने ते कितीही वेळा, कोठेही, कोणत्याही शीर्षकाने छापण्यास संशोधक मोकळा आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची तपासणी करावयाची आहे. प्रबंधातील संशोधन पुन्हा प्रकाशित करणे हा दोष नसून अनेकदा ते संशोधकाचे कर्तव्यच असते. मात्र ते कोठून आले, पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले आणि त्यात काय बदलले, हे वाचकास सांगितले पाहिजे, हे येथे प्रतिपादन आहे. दोष पुनरुक्तीत नाही, तो न सांगता केलेल्या पुनरुक्तीत आहे.

प्रबंध आणि लेख : दोन भिन्न वाचक

प्रबंध आणि शोधलेख या दोहोंचा विषय एक असला तरी त्यांचा वाचक एक नसतो. प्रबंधाचा वाचक परीक्षक असतो. संशोधकाने विषयाची सर्व साधने पाहिली आहेत काय, पूर्वसूरींचे काम त्यास ठाऊक आहे काय, त्याची पद्धती निर्दोष आहे काय, हे परीक्षकाला तपासावयाचे असते. म्हणून प्रबंधात विषयनिवडीचे समर्थन येते, उद्दिष्टे आणि गृहीतके येतात, पूर्वसंशोधनाचा विस्तृत आढावा येतो आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सारांशही येतो. परीक्षेच्या दृष्टीने हे सर्व आवश्यकच आहे.

नियतकालिकाच्या वाचकाला मात्र संशोधकाची परीक्षा घ्यावयाची नसते. त्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. त्याला सुत्तनिपाताच्या रचनाकालाविषयी जाणून घ्यावयाचे असेल, तर पाली भाषेच्या व्युत्पत्तीवरील सर्वसामान्य मते वाचण्यास तो तयार नसतो. म्हणूनच प्रबंधाचे प्रकरण जसेच्या तसे उचलून नियतकालिकाकडे पाठवणे हे वाचकावर अन्याय करणारे ठरते. दुसऱ्या बाजूने, त्याच प्रकरणातील मूळ शोध निवडून तो स्वतंत्र लेखाच्या रूपाने मांडणे ही पुनरुक्ती नव्हे. परीक्षकासमोर सिद्ध केलेली गोष्ट विद्वत्समाजासमोर चर्चेसाठी ठेवणे, असे तिचे खरे स्वरूप असते. पालीच्या अभ्यासक्षेत्रात असे पुनर्प्रकाशन किती फलदायी ठरले, याची उदाहरणे पाहणे उपयुक्त होईल.

लंडन, श्रीलंका आणि पुन्हा लंडन

पहिले उदाहरण श्रीलंकेतील पाली विद्वान एन. ए. जयविक्रम यांच्या प्रबंधाचे आहे. त्यांनी १९४७ साली लंडन विद्यापीठाला सुत्तनिपातावरील प्रबंध सादर केला. सुत्तनिपात हा ग्रंथ क्रमाक्रमाने कसा वाढत गेला, हे अंतर्गत पुराव्यांच्या आधारे दाखवणे हा त्याचा विषय होता. उरग, चूळ, महा, अट्ठक आणि पारायण या पाच वग्गांपैकी अट्ठकवग्ग व पारायणवग्ग हे फार प्राचीन स्तराचे आहेत, या विचाराला त्यांच्या विवेचनात मध्यवर्ती स्थान आहे. निद्देस हा तिपिटकातच समाविष्ट झालेला भाष्यग्रंथ केवळ हे दोन वग्ग आणि खग्गविसाणसुत्त एवढ्यांवरच भाष्य करतो, हा या संदर्भातील महत्त्वाचा पुरावा होय.

हा प्रबंध केवळ लंडनच्या ग्रंथालयात राहिला असता, तर तेथे जाऊ शकणाऱ्या मोजक्या अभ्यासकांनाच तो उपलब्ध झाला असता. परंतु १९४८ ते १९५१ या काळात जयविक्रम यांनी त्यातील विवेचन ‘युनिव्हर्सिटी ऑफ सिलोन रिव्ह्यू’ या नियतकालिकात लेखमालेच्या रूपाने प्रसिद्ध केले. सुत्तनिपाताचे शीर्षक व स्वरूप, त्यातील वग्ग, खग्गविसाणसुत्त, पारायणातील पुच्छा असे एकेक विषय एकेका लेखाने हाताळले. प्रबंधाचे लेखांत रूपांतर कसे करावे, याचा हा उत्तम नमुना आहे. प्रत्येक लेख स्वतंत्रपणे वाचता येतो आणि सर्व लेख एकत्र ठेवले तर मूळ प्रबंधाचा युक्तिवाद उभा राहतो.

सुमारे पाव शतकानंतर या विवेचनाला तिसरा जन्म मिळाला. लंडनमधून रसेल वेब यांच्या संपादनाखाली १९७६ साली ‘पाली बुद्धिस्ट रिव्ह्यू’ हे लहानसे नियतकालिक सुरू झाले. त्याने १९७६ ते १९७८ या तीन वर्षांच्या अंकांतून जयविक्रम यांचे सुत्तनिपातविषयक विश्लेषण क्रमशः पुन्हा छापले. श्रीलंकेतील विद्यापीठीय नियतकालिकाचे जुने अंक ज्यांना मिळू शकत नव्हते, अशा अभ्यासकांच्या हाती ते आले. आज सुत्तनिपाताच्या स्तररचनेवर लिहिणारे संशोधक जयविक्रम यांच्याशी सहमत असोत वा नसोत, त्यांना या लेखांची दखल घ्यावी लागते. येथे पुनर्मुद्रणाने नवीन शोध लावला नाही, हे खरे. परंतु जुन्या शोधाला नवे वाचक मिळवून दिले.

पुण्यातील एक प्रबंध

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे धर्मानंद कोसंबी यांच्या परंपरेतील पालीचे अध्यापक. त्यांनी १९२४ साली पुण्यातून सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्ती संपादित करून प्रसिद्ध केली होती. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या दोन ग्रंथांच्या तौलनिक अध्ययनावर पीएच.डी. केली. विमुत्तिमग्ग हा उपतिस्स यांच्या नावावर असलेला ग्रंथ सहाव्या शतकाच्या आरंभी संघपाल या भिक्षूने केलेल्या चिनी अनुवादाच्या रूपाने सुरक्षित राहिला आहे. जपानी विद्वान नागाई यांनी पाली टेक्स्ट सोसायटीच्या १९१७-१९ च्या जर्नलमध्ये या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. बापट यांनी चिनी अनुवादाची विसुद्धिमग्गाशी कलमवार तुलना करून दोहोंतील साम्य व भेद दाखवले.

बापट यांनी या अध्ययनाशी निगडित विवेचन पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या ‘ॲनल्स’मध्ये लेखरूपाने मांडले आणि १९३७ साली संपूर्ण तौलनिक अध्ययन पुण्यातूनच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. विमुत्तिमग्गाचा संबंध अनुराधपुरातील अभयगिरी विहाराशी जोडणारे त्यांचे मत तेव्हापासून आजतागायत चर्चेत आहे. ते मत काहींनी स्वीकारले, तर १९९० च्या दशकात काही विद्वानांनी त्याची कठोर फेरतपासणी केली. विमुत्तिमग्गाचा इंग्रजी अनुवाद १९६१ मध्ये कोलंबोहून प्रसिद्ध झाला आणि २०२१ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाच्या बौद्ध अध्ययन केंद्रातर्फे भिक्खू ञाणतुसित यांचा नवा अनुवाद आला. बापट यांचा प्रबंध हार्वर्डच्या कपाटात राहिला असता, तर ही शंभर वर्षांच्या जवळ जाणारी चर्चा त्यांच्या मतांना वगळून झाली असती. मत खोडले जाण्यासाठीसुद्धा ते आधी प्रसिद्ध व्हावे लागते. खोडले गेलेले मत ज्ञानाच्या वाटचालीत आपले काम करून जाते. अप्रकाशित मत मात्र कोणाच्याच कामी येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला

पालीच्या क्षेत्राबाहेरचे, परंतु आपल्या वाचकांना जवळचे असे तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यापीठीय लेखनाचे आहे. कोलंबिया विद्यापीठात त्या काळी प्रबंधाच्या मुद्रित प्रती दाखल केल्याशिवाय पीएच.डी. औपचारिकपणे प्रदान होत नसे. प्रबंध सार्वजनिक झाल्यावरच पदवी पूर्ण होते, हे तत्त्व त्या नियमामागे होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशकांनी प्रसिद्ध केला. त्यास त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना होती. त्यानंतर १९२७ मध्ये त्यांना ही पदवी औपचारिकरीत्या मिळाली.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील डी.एस्सी.च्या प्रबंधाची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. रुपयाच्या प्रश्नावरील हा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. प्रस्तावना लिहिणारे प्रा. एडविन कॅनन यांनी बाबासाहेबांच्या काही मतांशी आपण सहमत नसल्याचे त्या प्रस्तावनेतच नमूद केले. पुढे १९४७ मध्ये हाच ग्रंथ भारतात वेगळ्या शीर्षकाने, भारतीय चलन व बँकव्यवसायाच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून, पुन्हा प्रसिद्ध झाला. मधल्या चोवीस वर्षांत चलनव्यवस्थेत मोठी स्थित्यंतरे झाली होती, पण सार्वजनिक कार्याच्या व्यापामुळे ग्रंथाची पुनर्रचना करणे त्यांना शक्य झाले नव्हते. तेव्हा त्यांनी प्रास्ताविकातच स्पष्ट केले की, हे जुन्याच ग्रंथाचे निराळ्या नावाने केलेले पुनर्मुद्रण आहे आणि १९२३ नंतरचा भाग दुसऱ्या खंडात घेण्याचा मानस आहे. शीर्षक बदलले तरी वाचकाची फसवणूक होऊ नये, यासाठी किती थोडे शब्द पुरतात, हे यावरून दिसते.

त्यांच्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधाचा प्रवासही उद्बोधक आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात हा निबंध वाचला गेला आणि मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याच्या वर्गातील निबंध त्यामुळे जागतिक विद्वत्तेच्या दप्तरात नोंदला गेला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या पहिल्याच खंडात तो समाविष्ट आहे. मात्र या निबंधाच्या काही पुनर्मुद्रणांत नियतकालिकाचा खंडक्रमांक ४१ असा छापलेला आढळतो. ‘इंडियन अँटिक्वेरी’चा पहिला खंड १८७२ सालचा, त्या हिशेबाने १९१७ चा खंड ४६ वा ठरतो. रोमन अंकांतील एक अक्षर गळले म्हणजे अशी चूक होते आणि मूळ अंक न पाहता उतरून घेणाऱ्यांच्या लेखनातून ती वर्षानुवर्षे पुढे जात राहते. पुनर्मुद्रण करणाऱ्याने पूर्वप्रकाशनाची नोंद मूळ अंक पाहूनच का करावी, याचे याहून स्पष्ट कारण देता येणार नाही.

परंपरेतील संकेत

आपण पूर्वी लिहिलेल्या मजकुराचे पुढे काय करावे, हा प्रश्न आधुनिक विद्यापीठांनी निर्माण केलेला नाही. आचार्य बुद्धघोष यांच्यासमोरही तो होता. चूळवंसातील परंपरेनुसार ते अनुराधपुराच्या महाविहारात अट्ठकथांच्या अध्ययनासाठी आले, तेव्हा तेथील संघाने त्यांची योग्यता पाहण्यासाठी त्यांना दोन गाथा दिल्या. त्या गाथांचे विवरण म्हणून त्यांनी विसुद्धिमग्ग रचला. देवतांनी तो ग्रंथ दोनदा लपवला, त्यांनी तो तिसऱ्यांदा लिहिला आणि तिन्ही प्रती ताडून पाहता त्यांत काहीही फरक आढळला नाही, अशी कथा आहे. कथेतील अद्भुत भाग बाजूला ठेवला, तर उरतो तो एक परीक्षेसाठी लिहिलेला प्रबंधच होय.

या प्रबंधाचा उपयोग आचार्यांनी पुढे कसा केला, हे पाहण्यासारखे आहे. चार निकायांवरील अट्ठकथांच्या प्रास्ताविक गाथांत ते सांगतात की शील, धुतंग, कम्मट्ठान, ध्यान, स्कंध, आयतन इत्यादी विषयांचे विवरण विसुद्धिमग्गात केलेले असल्यामुळे येथे ते पुन्हा करणार नाही. तो ग्रंथ चारही आगमांच्या मध्यभागी उभा आहे आणि वाचकाने तो या अट्ठकथेसोबत घ्यावा. आपल्याच पूर्वग्रंथाचा असा निर्देश करून त्यांनी पुनरुक्ती टाळली आणि वाचकाला वाटही दाखवली. आजच्या भाषेत बोलायचे, तर ही पूर्वप्रकाशनाची नोंदच आहे.

तिपिटकातही याचे मूळ सापडते. संयुत्तनिकायाच्या खंधसंयुत्तात हालिद्दिकानि नावाचा गृहपती अवंती देशात आयुष्मान महाकच्चान यांच्याकडे येतो आणि अट्ठकवग्गातील मागंदियप्रश्नात भगवंतांनी सांगितलेल्या एका गाथेचा विस्तृत अर्थ विचारतो. येथे गाथा पुन्हा येते, पण ती मूळ स्थानाच्या नावासह येते आणि नव्या श्रोत्यासाठी तिचे नवे विवरण होते. निर्देश आणि प्रयोजन या दोन गोष्टी असल्या म्हणजे पुनरुक्ती ज्ञानवर्धक ठरते. प्रबंधातील संशोधन पुन्हा मांडताना याच दोन कसोट्या आपण स्वीकाराव्यात.

आजचे नियम आणि त्यांचा परिणाम

गेल्या काही वर्षांत या विषयाला नियमांची चौकट लाभली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनुसार प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे बंधनकारक झाले आणि ‘शोधगंगा’ या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध सर्वांना पाहण्यासाठी खुले होऊ लागले. ही मोठीच सोय आहे. परंतु प्रबंध उपलब्ध असणे आणि तो वाचला जाणे यांत अंतर आहे. चारशे पृष्ठांच्या प्रबंधातील तीनशे चौदाव्या पृष्ठावरचा महत्त्वाचा शोध, तो विषय नेमका शोधणारा अभ्यासकच पाहील. लेखाचे प्रयोजन त्यामुळे संपत नाही.

आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध मान्यताप्राप्त नियतकालिकात प्रसिद्ध करण्याची अट घातली होती. हेतू चांगला होता, पण त्यातून अपक्व लेखांची घाई झाली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. २०२२ च्या नियमावलीत ही सक्ती उरली नाही. नियतकालिकांच्या दर्जासाठी केलेली आयोगाची ‘केअर’ सूचीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. नियतकालिकाचा दर्जा ओळखण्याची जबाबदारी आता पुन्हा संशोधक आणि विद्यापीठे यांच्यावर आली आहे.

वाङ्मयचौर्याविषयीची नियमावली २०१८ ची आहे. तीत साम्याचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत असल्यास ते किरकोळ मानले जाते. योग्य निर्देशासह दिलेली उद्धृते आणि संदर्भसूची साम्याच्या गणनेतून वगळण्याची तरतूद आहे. पालीच्या अभ्यासकाला हे विशेष ध्यानात ठेवावे लागते, कारण आपल्या लेखांत मूळ गाथा व सुत्तांश मोठ्या प्रमाणावर येतात. एप्रिल २०२० मध्ये आयोगाने स्वतःच्याच पूर्वप्रकाशित लेखनाचा निर्देश न करता केलेला पुनर्वापरही अमान्य असल्याचे जाहीर केले. आता अडचण अशी होते की, प्रबंध संगणकीय संग्रहात असल्यामुळे त्यावर आधारित लेख तपासणीसाठी गेला की संशोधकाचे स्वतःचेच शब्द साम्य म्हणून दाखवले जातात. यंत्र शब्द मोजते, हेतू मोजत नाही. प्रबंधावर आधारित लेखाला पूर्वप्रकाशित न मानणारी पुष्कळ नियतकालिके आहेत, परंतु प्रबंधाचा उल्लेख असावा अशी त्यांची अपेक्षा असते. असा उल्लेख आरंभीच असला तर संपादकाला निर्णय घेणे सोपे जाते; तो नसला तर निर्दोष संशोधकावरही संशयाची छाया पडते.

लेख कसा सिद्ध करावा

प्रबंधावरून लेख तयार करताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्नाची निवड. एका लेखात एकच प्रश्न असावा. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातील उद्दिष्टे, गृहीतके आणि सर्वसामान्य पार्श्वभूमी वगळावी. पूर्वसंशोधनापैकी त्या प्रश्नाशी थेट संबंधित तेवढेच ठेवावे. पालीच्या हस्तलिखितांत जो मजकूर पूर्वी येऊन गेला आहे, तेथे ‘पेय्याल’ करून पुढे जाण्याची पद्धत आहे. लेखकानेही जेथे वाचकाला ठाऊक असलेले येते, तेथे पेय्याल करावा. मात्र याच्या उलट टोकाला जाऊन एका शोधाचे पाच तुकडे करणे आणि पाच ठिकाणी पाच शीर्षकांनी ते छापणे हेही तितकेच अनुचित आहे. त्याने लेखांची संख्या वाढते, ज्ञान वाढत नाही.

दुसरी गोष्ट संदर्भांची. आपल्याकडील बऱ्याच प्रबंधांत नालंदा देवनागरी आवृत्तीचे पृष्ठांक असतात, काहींत इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या आवृत्तीचे, तर काहींत पाली टेक्स्ट सोसायटीचे. लेखात केवळ पृष्ठांक न देता निकाय, सुत्ताचे नाव व क्रमांक आणि गाथेचा क्रमांकही द्यावा, म्हणजे कोणतीही आवृत्ती हाताशी असलेल्या वाचकाला मूळ पाहता येईल.

तिसरी गोष्ट फेरतपासणीची. प्रबंध आणि लेख यांच्यामध्ये काही वर्षे गेली असतील, तर त्या काळात काय नवे उजेडात आले, हे पाहिले पाहिजे. संपूर्ण तिपिटक आता संगणकावर शोधता येते. हाताने मोजून ‘हा शब्द इतक्याच ठिकाणी येतो’ असे विधान केले असेल, तर ते पुन्हा पडताळून घ्यावे. नव्या साधनांचे महत्त्व किती असते, हे खग्गविसाणसुत्ताच्या उदाहरणावरून दिसते. जयविक्रम यांनी या सुत्तावर लिहिले तेव्हा पाली पाठाबरोबर महावस्तूमधील पाठ उपलब्ध होता. २००० साली रिचर्ड सॉलोमन यांनी गांधारी भाषेतील प्राचीन भूर्जपत्रांवरील पाठ संपादित करून प्रसिद्ध केला. आज ते जुने लेख कोणी पुनर्मुद्रित करील, तर मूळ मजकुराला हात न लावता या नव्या पाठाची माहिती देणारी टीप जोडणे संपादकाचे कर्तव्य ठरेल. जुना मजकूर गुपचूप सुधारणे मात्र योग्य नव्हे, कारण त्यामुळे कोणते मत कोणत्या वर्षी मांडले गेले, याचा इतिहासच पुसला जातो.

चौथी गोष्ट अधिकाराची. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखनाचा प्रथम हक्क सर्वसामान्यतः लेखकाचा असतो. तथापि अनेक विद्यापीठांच्या नियमांत प्रबंधाच्या प्रकाशनापूर्वी परवानगी घेण्याची तरतूद असते; ती पाहून घ्यावी. लेख आधी एखाद्या नियतकालिकात आला असेल, तर पुनर्मुद्रणासाठी त्या संपादकांचीही अनुमती घ्यावी. मार्गदर्शकांचे ऋण आभारात मानावे. ज्यांनी लेखनात प्रत्यक्ष वाटा उचललेला नाही, त्यांचे नाव लेखक म्हणून घालण्याचा आग्रह कोणी धरू नये आणि संशोधकाने तो मान्यही करू नये.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंद. लेखाच्या पहिल्या पृष्ठाच्या तळाशी प्रबंधाचे शीर्षक, विद्यापीठ, पदवी, वर्ष, लेख कोणत्या प्रकरणावर आधारित आहे आणि त्यात काय बदल केले आहेत, एवढे दोन-तीन वाक्यांत सांगावे. अनुवाद असल्यास तसे लिहावे. या दोन-तीन वाक्यांत लेखकाचा प्रामाणिकपणा, संपादकाची सोय आणि पुढील संशोधकाचा मार्ग ही तिन्ही सामावलेली असतात.

मराठी वाचकाचा हक्क

या सर्व विवेचनाचा आपल्याशी असलेला संबंध शेवटी सांगितला पाहिजे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत पाली व बौद्ध अध्ययनात संशोधन होते. त्यातील काही मराठीत, काही इंग्रजीत, काही हिंदीत लिहिले जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्यास एकाच वेळी मान्यता दिली. या दर्जामुळे संशोधनाला चालना मिळावी, ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु नव्या संशोधनाची वाट पाहताना जे पूर्वीच झालेले आहे आणि कपाटात बंद आहे, त्याचा विसर पडता कामा नये.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण घरातील पहिलेच पदवीधर असतात. त्यांचे शिक्षण सार्वजनिक निधीतील शिष्यवृत्तीवर, आईवडिलांच्या कष्टांवर आणि कित्येकदा उपासक-उपासिकांच्या दानावर झालेले असते. त्यांनी शोधलेले ज्ञान परीक्षकांपुरते राहिले, तर ज्यांच्या आधारावर ते उभे राहिले त्यांना त्याचा लाभ होत नाही. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बसणाऱ्या उपासकाला मूळ गाथेचा अर्थ नीट समजून घ्यावयाचा असतो. इंग्रजी प्रबंधातील एखादे प्रकरण मराठीत, सुबोध पण काटेकोर रीतीने त्याच्यासमोर आले, तर ती कोणत्याही अर्थाने पुनरुक्ती ठरत नाही. भाषा बदलली, वाचक बदलला आणि प्रयोजनही बदलले.

आणखी एक धोका लक्षात घेतला पाहिजे. अप्रकाशित प्रबंधातील शोध दुसऱ्याच कोणाच्या नावाने प्रसिद्ध होतो आणि मूळ संशोधकाला आपला अग्रहक्क सिद्ध करणे अवघड जाते, असे प्रसंग विद्यापीठीय जगात घडतात. वेळेवर प्रसिद्ध झालेला एक लेख हेच त्यावर सर्वांत साधे संरक्षण आहे. पदवी मिळताच ‘तुमचा प्रबंध ग्रंथरूपाने छापू’ अशी पत्रे पाठवणाऱ्या, परंतु संपादन वा परीक्षण काहीही न करणाऱ्या प्रकाशकांपासूनही नवसंशोधकांनी सावध राहावे. पुठ्ठ्याची बांधणी बदलल्याने प्रबंधाचा ग्रंथ होत नाही.

नियतकालिकांच्या संपादकांकडेही एक मागणी करावीशी वाटते. प्रबंधावर आधारित लेख केवळ त्या कारणाने परत करू नयेत. त्यातील प्रश्न महत्त्वाचा आहे काय, पुरावा तपासता येतो काय आणि नोंद स्पष्ट आहे काय, एवढे पाहावे. महत्त्वाच्या जुन्या प्रबंधांतील निवडक प्रकरणे, त्या विषयातील जाणकाराच्या प्रास्ताविक टिपेसह क्रमशः छापण्याचा उपक्रम आपल्याकडील नियतकालिकांनी हाती घेतला, तर जयविक्रम यांच्या लेखमालेने सुत्तनिपाताच्या अध्ययनाला जे दिले, तसेच काही महाराष्ट्रातील पाली अध्ययनालाही मिळू शकेल.

प्रबंध लिहून पदवी मिळवणे हा संशोधनाचा पूर्वार्ध आहे. ते संशोधन योग्य नोंदीसह लोकांसमोर ठेवणे, त्यावरील आक्षेप ऐकणे आणि आवश्यक तेथे आपले मत सुधारणे हा उत्तरार्ध होय. ज्यांचे प्रबंध पूर्ण होऊन काही वर्षे लोटली आहेत, त्या अभ्यासकांनी आपली प्रत पुन्हा एकदा उघडावी आणि त्यातील जे एक प्रकरण आजही उभे राहू शकते असे वाटते, त्यापासून आरंभ करावा.